तडकलेल्या पुंगळीचा जबाब

ती घटना विसरून जा, असे मला तिघांनी तीन वेगवेगळ्या प्रसंगी सुचवले. मी विसरलेलो नाही आणि विसरण्याची माझी इच्छाही नाही. म्हणून आधी दिवस आणि जबाबदार व्यक्ती लिहितो, हकीकत नंतर.

सप्टेंबरचा पहिला मंगळवार: आमच्या पोलीस ठाण्याच्या तळघरातील एक यंत्र बंद करण्यात आले. जबाबदार, उपप्रमुख. ऑक्टोबरचा दुसरा शनिवार: सरावाच्या मैदानावर एका महिला शिपायाच्या रायफलीत काडतूस फुटले. जबाबदार, पुन्हा तेच. त्यानंतरचा सोमवार: एका निरपराध माणसाला संशयित म्हणून समोर बसवण्यात आले. जबाबदार, मी स्वतः. डिसेंबरचा शेवटचा आठवडा: तपास अहवालातून एक पान नाहीसे झाले. जबाबदार कोण, हे आजतागायत कोणी सांगितलेले नाही.

ऐंशीचे दशक निम्मे सरले होते. पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेजपासून गाडीने पाऊण तासावर असलेल्या एका लहान गावात मी डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. इंजिनिअर व्हायला आलेला मुलगा पोलिसात भरती झाला, याचे आमच्या मराठी मंडळात कोणालाही कौतुक नव्हते. "वहिनी, यांना सांगून माझं पार्किंगचं तिकीट कॅन्सल करता येईल का हो?" असे माझ्या पत्नीला दर कार्यक्रमात विचारणारे एक डॉक्टर होते. त्यांचे तिकीट मी कधीही कॅन्सल केले नाही.

सरावासाठी लागणारी काडतुसे आमच्या ठाण्यात पुन्हा भरली जात. गोळी झाडल्यावर उरणारी पितळी पुंगळी गोळा करायची, स्वच्छ करायची, मापात आणायची आणि तिच्यात नवा प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी टोपी, मोजलेली बारूद व नवी गोळी बसवायची. हे काम तळघरात एक वृद्ध शस्त्रागार रक्षक करीत असे. तो सैन्यातून निवृत्त होऊन आमच्याकडे आला होता. त्या शनिवारी जे काडतूस फुटले ते त्याच्या हातचे होते. पुंगळी बुडाजवळ चिरली, तापलेला वायू मागे उसळला. शिपाई मुलीने संरक्षक चष्मा घातला होता म्हणून उजवा डोळा जागेवर राहिला, पण त्या डोळ्याची निम्मी दृष्टी गेली.

सोमवारी सकाळी हजेरी संपताच उपप्रमुखांनी मला कॉरिडॉरमध्ये गाठले. "म्हाताऱ्याचा हात थरथरतो. ड्युटीवर पितो, असं ऐकलंय. बारूद दुप्पट पडली असणार. शुक्रवारपर्यंत केस सरकारी वकिलाकडे गेली पाहिजे." खबर देणारा घाईत असेल तर आधी त्याची घाई तपासावी, हा नियम मी नवशिक्यांना शिकवीत असे. त्या दिवशी मी स्वतः तो पाळला नाही.

म्हाताऱ्याला त्याचे हक्क वाचून दाखवले, त्याने वकील नको म्हटले आणि मी जबाब सुरू केला.

"दुप्पट?" तो माझ्याकडे कीव केल्यासारखा पाहत म्हणाला. "सार्जंट, तू कधी रायफलीचं काडतूस भरलंयस?"

"प्रश्न मी विचारतो."

"मग नीट विचार. त्या पुंगळीत एक माप घातलं की ती जवळजवळ काठोकाठ होते. दुसरं मावत नाही. टेबलावर सांडतं. पिऊन असलो तरी सांडलेलं दिसेल मला. आणि मी पीत नाही. माझी बायको चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. मी प्यायलो तर ती मला ऑर्गनखाली घालील."

मी साक्षीदारासमोर प्रयोग करून पाहिला. बारूद टेबलावर सांडली. त्याच खोक्यातील उरलेली काडतुसे उघडून प्रयोगशाळेने बारूद तोलली. प्रकार योग्य, वजन योग्य. इस्पितळात जखमी मुलीचा जबाब घेतला, तेव्हा तिने पट्टीखालून मलाच दरडावले: "त्याला हात लावाल तर बघा. तो प्रत्येक गोळी स्वतःच्या लेकीला द्यायची असल्यासारखी भरतो." मग ते काडतूस फुटले कसे? शुक्रवारी केस पाठवण्यास मी लेखी नकार दिला. त्यावर उपप्रमुखांनी म्हाताऱ्याला निलंबित केले आणि मला उद्धट ठरवले.

दोन आठवडे असेच गेले. दिवाळी आली. आमच्या घरी फराळाला स्टेट कॉलेजचे मराठी विद्यार्थी येत. त्यांत नागपूरचा एक मुलगा होता, धातुशास्त्रात पीएच.डी. करणारा. तो स्वयंपाकघरात चकलीच्या डब्याकडे निघाला होता. पत्नी सिंकपाशी समई घासत होती. तो मध्येच थबकला.

"काकू, थांबा! काय लावताय हे? अमोनिया?"

"फरशीचं क्लीनर आहे. बघ की, कसं लखलखतंय."

"पितळेला अमोनिया? काकू, चिंच लावा, लिंबू लावा, व्हिनेगर लावून धुवून टाका. हे नको."

"चिंच म्हणे! अरे, पिट्सबर्गहून आणलेला गोळा आमटीला पुरत नाही. समईला कुठून घालू?"

"अहो, आतून तडकतं ते. वरून सोन्यासारखं दिसतं आणि आतून भेगा. क्लासिक केस आहे यार. इंग्रजांच्या काळात आपल्याकडे पलटणीची काडतुसं तबेल्यांजवळ ठेवायचे. पावसाळ्यात पुंगळ्या आपोआप चिरायच्या. घोड्यांच्या मुतातला अमोनिया!"

मी हातातला लाडू खाली ठेवला. काडतुसे! तळघराच्या पायऱ्या उतरताना पहिल्याच दिवशी जो तिखट वास नाकात गेला होता, तो मला त्या क्षणी पुन्हा आला. तो वास मी फरशीचा समजलो होतो. पंचनाम्यात त्याची साधी नोंदही केली नव्हती. पोलिसाने नाकाने टिपलेली गोष्ट कागदावर उतरवली नाही, तर नाक असून उपयोग काय?

"अहो, निघालात कुठे? पानं मांडलीयेत!" पत्नी ओरडली. मी गाडीची किल्ली घेऊन दाराबाहेर पडलो होतो.

म्हातारा घराच्या व्हरांड्यात बसला होता. वकील नको, असे त्याने पुन्हा सांगितले आणि मी एकच प्रश्न विचारला: "पुंगळ्या साफ कशा करतोस?"

तो हसू लागला. "दोन आठवड्यांत हे विचारणारा तू पहिला." मग त्याने रीत सांगितली. यंत्राच्या थरथरत्या पिंपात अक्रोडाच्या कवचांचा भुगा घालायचा, त्यात पुंगळ्या टाकायच्या आणि तीन-चार तास फिरू द्यायच्या. मक्याच्या दाणे काढलेल्या कणसाचा भुगा असेल तर झळाळी अधिक येते. यंत्र नसेल तर गरम पाणी, साबण, फार तर पातळ व्हिनेगर, आणि लगेच धुणे. "पण पिंप खडखडतं. वरच्या मजल्यावर कौन्सिलच्या बैठका. त्यांना एकमेकांची भाषणं ऐकू येईनात. सप्टेंबरात उपप्रमुखानं यंत्र बंद करायला लावलं आणि सफाईच्या कपाटातला फरशीच्या क्लीनरचा कॅन पाठवला. रात्रभर भिजवा, म्हणाला. चमकायच्या मात्र, सार्जंट! तीस वर्षांत इतक्या चमकल्या नव्हत्या."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू बारूद विचारलीस. मी बारूद सांगितली."

"हुकूम तोंडी होता?"

"मी सैन्यातला माणूस. तोंडी हुकूम घेत नाही. चिठ्ठी मागितली. धुण्याच्या टाकीवर खिळ्याला लावलीये."

मी नियम मोडले नाहीत. दुसऱ्या दिवशी झडतीचे वॉरंट घेतले, दोन साक्षीदार घेतले आणि तळघरात उतरलो. कॅन होता, लेबलवर अमोनिया. चिठ्ठी होती: पुंगळ्या यापुढे यंत्रात न घालता सोबतच्या द्रवात भिजवाव्यात. खाली उपप्रमुखांची सही. दोन्ही वस्तू सीलबंद करून मुद्देमाल नोंदवहीत चढवल्या. फुटलेली पुंगळी आणि त्याच खोक्यातील न झाडलेल्या अकरा पुंगळ्या रीतसर पत्र देऊन विद्यापीठातील तज्ज्ञ प्राध्यापकांकडे पाठवल्या. सूक्ष्मदर्शकाखाली भेगांचे जाळे दिसले. झाडाच्या फांद्यांसारखे, बाहेरून आत गेलेले. न झाडलेल्या अकरा पुंगळ्यांतही तसेच. त्यांचे मत निःसंदिग्ध होते: बारुदीचा दोष नाही, अमोनियाने पितळ आधीच तडकले होते. फोनवर हे ऐकताना मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो होतो.

सरकारी वकिलांनी म्हाताऱ्यावर फौजदारी खटला भरण्यास नकार दिला. येथे हकीकत संपायला हवी होती. पण नगर कौन्सिलने बंद दाराआड स्वतंत्र खात्यांतर्गत चौकशी घेतली. तेथे सादर झालेल्या माझ्या अहवालात चिठ्ठीची प्रत असलेले पान नव्हते. मूळ चिठ्ठी मागवली, तर नोंदवहीत नोंद होती आणि पाकीट रिकामे होते. मला साक्षीला बोलावले नाही. उपप्रमुखांनी "असा हुकूम दिल्याचे स्मरत नाही" असे सांगितले आणि पुढे सन्मानाने निवृत्त झाले. शस्त्रागार रक्षकाच्या सेवापुस्तकात शेरा पडला: निष्काळजीपणामुळे सेवामुक्त. तो शेरा आजही तेथे आहे. मी त्याविरुद्ध पत्रे लिहिली, पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही.

या प्रकरणाने मला शिकवले ते असे. संशयिताला आपण "तू काय केलेस?" असे विचारत राहतो. "तू हे काम रोज कसे करतोस?" असे विचारायला हवे. गुन्हेगार पहिल्या प्रश्नाची तयारी करून येतो. प्रामाणिक माणसाला पहिल्या प्रश्नाचे उत्तरच ठाऊक नसते, दुसऱ्याचे मात्र तो तपशीलवार देतो आणि त्यातच सत्य असते. हे मला पहिल्या सोमवारी सुचले असते, तर त्याला संशयिताच्या खुर्चीत बसावे लागले नसते. त्याबद्दल मी त्याच्या व्हरांड्यात, त्याच्या पत्नीसमोर, उभे राहून क्षमा मागितली आहे.

आता दुसऱ्यांची पाळी. कौन्सिलचे तत्कालीन कायदा सल्लागार त्याच गावात राहतात. अहवाल त्यांच्या ताब्यात होता आणि मुद्देमालाचे पाकीट त्यांच्या सहीने बाहेर जाऊन परत आले. नोंदवहीच्या त्या पानाची प्रमाणित प्रत माझ्याजवळ आहे. त्यांनी कौन्सिलच्या खुल्या बैठकीत उभे राहून दोन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. पान कोणी काढले? चिठ्ठी कुठे आहे? बंद लिफाफ्यातील उत्तर मी स्वीकारणार नाही. त्या बैठकीत पहिल्या रांगेत तो म्हातारा बसलेला असेल. त्याला आता ऐकू कमी येते, तेव्हा महाशयांनी मोठ्याने बोलावे.