‘कुटुंब सोडा’ नावाचं बटन

आमची मुलगी जर्मनीत बाळंत झाली तेव्हा आम्ही नवरा-बायको तीन महिने तिच्याकडे राहून आलो. बायकोनं नांदेडहून बाळंतशेपा, डिंक, खारीक, सगळं बांधून नेलं होतं. पण नातीला मांडीवर घेतल्यावर तिला गाणी लागायची, आणि ती काही बांधून नेता येत नव्हती. मुलीनं मग आईच्या फोनवर गाण्यांचं एक ॲप घालून दिलं. त्यात घरभराची मिळून एकच वर्गणी असते. वर्गणी जावयाच्या नावावर होती. तिच्यात मुलगी होतीच, आता सासूबाईंचंही नाव चढलं. माझं नाव कुणी घातलं नाही. मी बातम्या ऐकतो हे सगळ्यांना ठाऊक होतं.

नांदेडला परत आलो तरी ॲप चालू राहिलं. सकाळी हिची पूजा आणि स्वयंपाक गाण्यांवरच व्हायचा. मधूनमधून ते आपल्या मनानं जर्मन गाणी सुचवायचं. ही म्हणायची, “सुचवू दे बिचाऱ्याला. आपण ऐकायचं थोडंच?”

कुरबुर सुरू झाली ती मुदखेडमुळे. मुदखेडला हिची मावसबहीण असते. दोघींचं रोज फोनवर बोलणं होतं आणि त्यातून काही सुटत नाही. एक दिवस तिनं एका भजनाची लिंक पाठवली. महादेवाचं भजन, अर्धं मराठी आणि अर्धं कानडी. उदगीरला हिची आई जात्यावर म्हणायची तेच, कुठल्याशा सीमेवरच्या भजनी मंडळानं म्हटलेलं. महाशिवरात्रीला सगळ्या बहिणींनी मिळून ते म्हणायचं असं मावसबहिणीनं परस्पर ठरवूनही टाकलं होतं. हिला पहिलं कडवं येत होतं, पुढचं विसरलं होतं.

हिनं लिंक दाबली. गाण्याचं नाव आलं, पण फिकट. खाली लिहिलं होतं, ‘हे गाणं तुमच्या देशात उपलब्ध नाही.’

“अहो, हे बघा काय म्हणून राहिलं,” हिनं मला हाक मारली. “माझ्या आईचं गाणं माझ्या देशात न्हाई म्हणे. मग कुणाच्या देशात हाय?”

मी चष्मा लावून वाचलं. खरंच तसं लिहिलं होतं. मी आयुष्यभर रेल्वेच्या कचेरीत लोकांच्या बदल्यांचे कागद केले, त्यामुळे भानगड कुठं असेल याचा मला जरा अंदाज आला. माणूस नव्या जागी हजर झाला तरी कागदावर जुन्याच जागी असतो, हे मी पुष्कळ पाहिलंय. मुलीला व्हिडिओ कॉल लावला, तर तेच निघालं.

“आई, तुझं खातं जर्मनीचं आहे ना. तो देश बदलावा लागेल.”

“मग बदल की.”

“तुझ्याच फोनवरून होईल. सेटिंगमध्ये जा.”

आम्ही दोघं सेटिंगमध्ये गेलो. देशाचं नाव सापडलं, ‘जर्मनी’. पण बोट लावलं की ते हलेना. मुलगी तिकडून सांगत होती, आम्ही इकडून दाबत होतो. शेवटी पडद्यावर एक सूचना उमटली. तुम्ही कौटुंबिक वर्गणीत आहात आणि कुटुंबातले सगळे एकाच पत्त्यावर राहतात, त्यामुळे तुम्हाला देश बदलता येणार नाही. बदलायचा असेल तर आधी कुटुंबातून बाहेर पडा. आणि त्याखाली एक बटन होतं, ‘कुटुंब सोडा’.

मी बटनाकडे बोट नेलं, तेवढ्यात हिनं फोन ओढून घेतला.

“काय करून राहिले तुम्ही?”

“अगं, गाण्याचं आहे ते.”

“गाण्याचं असू दे न्हाई तर कशाचं. चांगल्या घरच्या बायका असं बटन दाबत नसतात.”

मुलगी तिकडे हसत होती. “आई, ते नुसतं बटन आहे गं.”

“तू हस. तुझ्या घरातून बाहेर पडायला सांगून राहिलीस मला आणि वर हसतीस?”

मुलीचं हसू थांबलं. तिकडे नात रडायला लागली म्हणून फोन ठेवावा लागला, ते बरंच झालं.

पुढे काही दिवस हा विषय निघाला की ही कणीक जोरात मळायची. त्यातच ॲपनं आणखी एक प्रश्न विचारला. तुम्ही आणि तुमच्या वर्गणीतले इतर लोक एकाच पत्त्यावर राहता का? ही फोन घेऊन माझ्यासमोर बसली.

“काय लिहू?”

“खरं ते लिही.”

“खरं लिहिलं तर काढून टाकतील.”

“मग खोटं लिही.”

“सोमवारी?”

हिचा उपास होता. तिनं प्रश्नाला उत्तरच दिलं नाही, फोन उलटा करून ठेवला. इकडे महाशिवरात्र जवळ येत होती आणि मुदखेडहून रोज विचारणा व्हायची, “पाठ झालं का गं?” शेवटी मुलीनंच तोड काढली. वर्गणी जावयाच्या नावावर होती, म्हणजे तो आपल्या बाजूनं सासूचं नाव काढू शकत होता. हिनं बटन दाबायची गरजच नव्हती.

आमचा जावई लातूरचा. बोलणं मोजकं, आणि सासूसमोर तर निम्मंच. रविवारी त्याचा कॉल आला.

“मामी, काढू का?”

“काढा.”

“राग तर नाही ना येणार?”

“अहो, काढा म्हणलं ना. भजनाचा खोळंबा होऊन राहिला.”

तो थोडा वेळ फोनकडे बघत राहिला, मग त्यानं डोळे मिटून काहीतरी दाबलं. लगेच हिच्या फोनवर निरोप आला, ‘तुम्हाला कुटुंबातून काढण्यात आलं आहे.’ हिनं तो मोठ्यानं वाचला. जावई म्हणाला, “सॉरी मामी,” आणि कॉल बंद झाला. आता देश बदलायचा होता, पण तेवढ्यात आमच्या भागातलं नेट गेलं. उद्या बघू म्हणून आम्ही जेवलो.

दुपारी मुदखेडचा फोन आला. ही भाजी निवडत होती आणि आवाज खरखरत होता. मी कानानं ऐकलं ते एवढंच, “अगं, जावयानं काढलं बाई मला कुटुंबातून! हाव ना. आता उद्या देश बदलते आणि मोकळी होते.” त्यावर ही खळखळून हसली. ते हसणं मुदखेडपर्यंत पोचलं नसावं.

मुदखेडहून ही खबर उदगीरला गेली, हिच्या वहिनीकडे. वहिनीकडून हिच्या थोरल्या भावाकडे. आमचे हे मेहुणे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, उदगीरला धान्याची अडत चालवतात. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात पांढरा शर्ट आणि कुठलाही तंटा सामोपचारानं मिटवायची हौस. तंटा लहान असेल तर त्यांना करमत नाही. त्यांनी आम्हाला फोन केला नाही. बहिणीला आणखी दुखवायला नको असा त्यांचा विचार. सोमवारी ते थेट लातूरला आमच्या व्याह्यांच्या दारात जाऊन उभे राहिले.

व्याही सेवानिवृत्त शिक्षक, सरळ माणूस. अण्णांनी त्यांना विचारलं, “गुरुजी, तुमच्या पोरानं आमच्या बहिणीला घरातून काढलं, हे तुमच्या कानावर हाय का?”  गुरुजींनी तिथल्या तिथं मुलाला जर्मनीत फोन लावला. तो ऑफिसात होता. ते बोलणं मला पुढे गुरुजींनीच सांगितलं.

“तू सासूबाईंना कुटुंबातून काढलंस?”

“हो बाबा.”

“का?”

“त्यांनीच सांगितलं.”

“त्या रागानं म्हणाल्या असतील! लगेच परत घे त्यांना.”

“नाही घेता येणार बाबा. वर्षभर तरी परत घेता येत नाही. तसा नियम आहे.”

“कुणी केला नियम?”

“कंपनीनं. बाबा, मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो.”

गुरुजी म्हणाले, तेव्हा त्यांना वाटलं, पोरगं हातचं गेलं. घरातल्या माणसांचे नियम आता कंपनी करायला लागली.

मंगळवारी सकाळी आमच्या भागातलं नेट परत आलं आणि त्याच वेळी दारात गाडी थांबली. पुढून अण्णा उतरले, मागून गुरुजी आणि विहीणबाई. तिघांचे चेहरे उतरलेले. अण्णांच्या हातात तूरडाळीची पिशवी होती, विहीणबाईंच्या हातात साडीचा खोका. न कळवता, व्याही आणि मेहुणे एकाच गाडीत! बायकोच्या हातातली झारी खाली पडली.

“अण्णा, कोण गेलं?” तिनं विचारलं.

अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “कुणी न्हाई गेलं बाळ. तू बी कुठं जायचं न्हाई. हा देश सोडायचं मनातून काढून टाक.”

ही माझ्याकडे बघायला लागली, मी तिच्याकडे. तोवर गुरुजींनी मला हात जोडले होते. “आमच्या पोराची चूक झाली. तो लहान आहे. पदरात घ्या.”

“कुणाला घेऊ?” मी म्हणालो. 

“घर म्हणलं की भांड्याला भांडं लागतं,” अण्णा सोफ्यावर बसत म्हणाले. “पण म्हातारपणी परदेशात एकटीनं राहायचं, हे काय वय हाय का? आणि दाजी, तुम्ही? तुम्ही अडवलं न्हाई तिला? का तुम्ही बी चाललात?”

 विहीणबाई हिच्याजवळ गेल्या, हिचा हात धरला आणि रडायला लागल्या. आता ही हळवी बाई. समोरची का रडते हे ठाऊक नसताना हीसुद्धा रडायला लागली. दोघी रडताहेत हे पाहून गुरुजींची खात्रीच पटली.

मी पाणी आणून दिलं. मग एकेकाला विचारत मागं मागं गेलो. उदगीर, मुदखेड करत करत गाडी आमच्या स्वयंपाकघरातल्या त्या फोनपाशी येऊन थांबली. मी हिचा मोबाइल आणला आणि अण्णांसमोर धरला. ‘तुम्हाला कुटुंबातून काढण्यात आलं आहे’ हा निरोप अजून तिथं होता. अण्णांनी तो दोनदा वाचला.

“म्हणजे हे गाण्याचं कुटुंब हाय?”

“हो.”

“आणि देश?”

“तोही गाण्याचाच.”

 मग गुरुजी हळूच म्हणाले, “मी त्याला फोनवर फार बोललो हो. संस्कार काढले त्याचे.” तेवढ्यात विहीणबाईंना हसू फुटलं. डोळे अजून ओलेच होते. त्यांच्यामागे ही हसायला लागली. अण्णा मात्र हसले नाहीत. त्यांनी शर्टाची बाही सारखी केली आणि म्हणाले, “आलोच हावोत तर बदलून टाका तो देश. सगळ्यांसमोर होऊ द्या.”

मग बैठक भरल्यासारखे सगळे फोनभोवती बसलो. आता देशाच्या यादीत एकच नाव दिसत होतं, भारत. ही अण्णांकडे बघून म्हणाली, “दाबू?” अण्णांनी मान हलवली. तिनं दाबलं. काही आवाज नाही, काही नाही. गुरुजींनी विचारलं, “झालं?” मी म्हणालो, “झालं असावं.”

तिनं मुदखेडची लिंक उघडली. नाव आता ठळक दिसत होतं. टाळ वाजले आणि भजन सुरू झालं. पहिल्या ओळीला अण्णांनी हात जोडले. आईच्या वेळचं गाणं, दोघं भावंडं मुकाट ऐकत होती. दुसरं कडवं संपायला आलं आणि हिनं विसरलेले कानडी शब्द ओठांनी धरले. तिसरं सुरू व्हायच्या आत एक बाई मोठ्यानं गादीची जाहिरात सांगायला लागली. वर्गणी सुटल्यामुळे आता जाहिराती येणार होत्या, हे आमच्या कुणाच्या लक्षात नव्हतं. अण्णांनी डोळे मिटले होते. पाठदुखीवर ही गादी किती गुणकारी आहे, ते त्यांनी सगळं हात जोडूनच ऐकलं.

दुपारी जेवणं झाली. साडी विहीणबाईंनी परत नेली नाही. आणली आहे तर ठेवा म्हणाल्या. महाशिवरात्रीला बहिणींनी भजन म्हटलं. मुदखेडची बहीण तिसऱ्या कडव्यात चुकली, हे बायकोनं मला घरी आल्यावर तीनदा सांगितलं.

उन्हाळ्यात गुरुजींच्या पुतणीच्या लग्नाला आम्ही लातूरला गेलो. जेवणानंतर विहीणबाईंनी हिला आतल्या खोलीत नेलं. थोड्या वेळानं मलाही हाक आली, कारण वाचायचा चष्मा माझ्याकडे होता. विहीणबाईंनी आपला फोन पुढे केला. हिचं नाव गेल्यावर वर्गणीतली जागा रिकामी झाली होती. जावयानं वडिलांची बोलणी खाल्ल्यावर तिथं आपल्या आईचं नाव घातलं होतं, जर्मनीच्याच पत्त्यावर.

“सगळं छान लागतं हो,” विहीणबाई म्हणाल्या. “पण माझी दोन-तीन गाणी फिकट दिसतात. देशात नाहीत म्हणे. तुम्हाला यातलं सगळं येतं म्हणून विचारते.”

बायको एकदम ताठ बसली. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला मोबाइलमधलं विचारत होतं. तिनं फोन हातात घेतला, सेटिंग उघडलं, सराईतपणे खाली गेली आणि ते बटन काढून दाखवलं.

“हे दाबायचं. आणि एक सांगते, तुमचं तुम्हीच दाबा. दुसऱ्याला काढायला लावू नका. लई बोभाटा होतो.”

विहीणबाईंनी फोन जवळ धरून ते दोन शब्द वाचले. बटनाच्या वर तीन नावं होती, मुलाचं, सुनेचं आणि त्यांचं. त्यांनी नावांवरून बोट फिरवलं. दाबलं नाही.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “दोन-तीनच तर गाणी आहेत.”

 बायकोनं पिशवीतून आपला फोन काढला आणि विचारलं, “कोणतं गाणं पाहिजे तुम्हाला? सांगा, माझ्यावर लावते. फक्त मधे गादीवाली येईल.”