वरातीतली पोटुशी घोडी

माझ्या वरातीसाठी कारध्याचा मिशाळ घोडीवाला आला, तो शर्यतीतून निवृत्त झालेली जातिवंत घोडी घेऊन. मी रिकिबीत पाय घालणार, तोच त्याने माझा गुडघा धरला.

"बसू नोका, साहेब. पोटुशी हाय."

"मंग आणली कायले?"

"जबान देल्ली होती नं!"

म्हणून घोडी पुढे, मी फेटा सावरत पायी मागे. दर वळणावर तो बँडवाल्यांवर खेकसायचा, "हळू वाजवा, पिल्लू दचकते!" मी कुरकुरलो तर म्हणाला, "तुमची वरात घंटाभराची. हिले अकरा महिने पोट सांभाळा लागते."

मांडवाच्या दारात सासूबाईंना हे कळलं. मला ओवाळायचं सोडून त्यांनी आधी घोडीची ओटी भरायला घेतली. घोडीच्या वतीने त्यानेच दुपट्टा पसरला आणि चक्क लाजला.