दूध वर्ज्य

मंडी मोहल्ल्यातल्या अंबुजाबाईंना देवघरात एक फूल इकडचं तिकडे झालेलं खपत नाही आणि प्रयोगशाळेत एक बाटली. एका संशोधन संस्थेत त्या एकोणीस वर्षं साहाय्यक आहेत. सकाळी सोवळ्यातली पूजा, मग डबा, मग पांढरा कोट. "हेही सोवळंच ग," त्या म्हणतात, "हातमोजे चढवले की बाहेरच्या कशाला शिवायचं नाही."

त्या बुधवारी मात्र हात सवयीनं चालला.

सहना नावाची कानडी संशोधक मुलगी तीन महिने पेशी वाढवत होती. वाढीचा निरोप मिळाला, की पेशीतल्या प्रथिनांच्या टायरोसिन या घटकावर फॉस्फेट चिकटतं, कपाळावर टिकली लावावी तसं. ती टिकली तेवढी ओळखणारं प्रतिपिंड असतं. प्रथिनं मेंब्रेन नावाच्या पांढऱ्या पातळ पट्टीवर उतरवायची, तिच्या रिकाम्या जागा झाकायच्या आणि वर प्रतिपिंड सोडायचं. जागा झाकायला एरवी दुधाची पावडर चालते. या कामाला दूध वर्ज्य. दुधाच्या प्रथिनांवरही फॉस्फेट असतं, मग सगळं मेंब्रेनच काळवंडण्याचं भय. म्हणून अल्ब्युमिन या दुसऱ्या प्रथिनाची वेगळी बाटली.

दुपारी अंबुजाबाईंनी जागा झाकल्या, प्रतिपिंड सोडलं आणि त्या टेबल पुसायला गेल्या. पाहतात तो अल्ब्युमिनचं सील तसंच. शेजारी दुधाचा डबा उघडा.

सहनाचे सगळे नमुने त्या एका मेंब्रेनवर संपले होते. गेल्याच महिन्यात विभागप्रमुख तिरुमलराव सरांनी बजावलं होतं, "आणखी एक चूक झाली, तर पुढच्या वर्षी तुमचं नेमणुकीचं पत्र निघणार नाही, बाई." गप्प बसलं तर? चित्र काळं येईल, सगळे म्हणतील पेशीच खराब. ती पोर तीन महिन्यांचं काम फेकून देईल. त्यांनी आपल्या घराण्याच्या सोसले मठातल्या देवाचं नाव घेतलं. तेही ओठांवर अडखळलं.

सहना जेवून आली. "अय्यो, अंबुजाक्का, भूत पाहिलंत की काय?"

"मीच भूत. दूध घातलं ग मी."

सहनानं मेंब्रेनचा डबा उचलून उजेडात धरला. मग म्हणाली, "धुऊन काढता येईल. पण त्याबरोबर माझी प्रथिनंही गेली, तर मुगीतु, संपलंच."

कुपीत प्रतिपिंड एकदाच पुरेल एवढं. सडक्या अंड्यांसारखा वास मारणाऱ्या ऊन द्रावणात मेंब्रेन अर्धा तास हलवायचं होतं. अंबुजाबाईंनी डब्याच्या झाकणावरचा हात काढला नाही. मग अल्ब्युमिन, मग पुन्हा प्रतिपिंड.

संध्याकाळी यंत्रावर चित्र उमटलं. निरोप दिलेल्या पेशींच्या जागी एक रेघ. फिकी, पण स्वच्छ. न दिलेल्यांच्या जागी काही नाही.

सहनाला रडू फुटलं. डोळे पुसत म्हणाली, "प्रयोगाच्या वहीत दुधाचं लिहू नका, अक्का. सुम्ने, उगाच कशाला त्रास? सर वाचतील."

"रेघ फिकी का, हे उद्या कुणी विचारलं तर तू काय सांगशील?"

त्यांनी लिहिलं: 'प्रथम चुकून दूध वापरलं. मेंब्रेन धुऊन पुन्हा केलं. अंबुजा.'

जिन्यावर सरांच्या चपला वाजल्या. हात वही मिटायला पुढे गेला. मग त्यांनी ती उघडीच फिरवून सरांच्या खुर्चीकडे सरकवली.