फेसाळ मगाचा फोटो

सफूरा रागावली की आदळआपट करत नाही; घासलेली भांडी पुन्हा घासायला घेते. त्या शुक्रवारी सौदीतल्या दम्माममधल्या तिच्या घरात सकाळपासून भांडीच घासली जात होती. नवरा जमालुद्दीन, एका ट्रेडिंग कंपनीतला स्टोअरकीपर, जुम्म्याची नमाज पढून आला आणि मुकाट्यानं जेवायला बसला.

राग त्याच्यावरही होताच. आदल्या आठवड्यात सगळी मोठ्या बागेत गेली होती. हिरवळ, झोपाळे, कारंजी, आणि एका कोपऱ्यात लाकडी बाकं मांडून काचेच्या भल्यामोठ्या मगांतून जवाचं माल्ट विकायची नवी टूम. त्यात दारूचा थेंब नाही, या देशात असणार तरी कुठून. इफ्तारला घराघरात हेच पितात, पोरंटोरंसुद्धा. पण तो मग आणि वरचा तो फेस बघून आपली माणसं हसत हसत त्या कोपऱ्याला बिअर गार्डन म्हणतात. जमालुद्दीननं मग हातात धरून फोटो काढून घेतला आणि या शहाण्यानं तो रत्नागिरीकडच्या आपल्या गावच्या जमातीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'फॅमिलीसोबत बिअर गार्डनमध्ये.' इतकी वर्षं परदेशात काढून त्याला थट्टेची सवय लागली होती, आणि थट्टा गावात कशी पोचते याचा विसर पडला होता.

गावानं ती बिअर खरीच धरली आणि आग लागली. त्यांच्या मुलीचा, सहरचा, साखरपुडा गावातल्याच सिराजुद्दीनच्या मुलाशी, हाशिरशी झाला होता. सिराजुद्दीनचा निरोप आला: जमालुद्दीननं जमातीसमोर माफी मागून तौबा करावी, नाहीतर सोयरीक मोडली समजावं.

"मागतो माफी. दोन शब्दांनी काय जातं?" जमालुद्दीन जेवता जेवता म्हणाला. "पोरीच्या सुखाचा प्रश्न आहे."

"पोरीच्याच सुखाचा आहे," सफूरानं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "न केलेल्या गुन्ह्याची तौबा केलीत की ती त्या घरात जन्मभर दारुड्याची मुलगी. आणि सांगणार कोण? तुम्हीच कबूल केलेलं असणार."

तिला खरी आग लावली होती ती सिराजुद्दीननं. हा माणूस अर्धं आयुष्य याच दम्माममध्ये राहिला होता, सुरुवातीला तर जमालुद्दीनच्याच खोलीत. त्याच्या खाटेखाली माल्टचा खोका कायम असायचा. सुट्टीवर जाताना बॅगेत टँगच्या डब्यांबरोबर माल्टचे कॅन भरून न्यायचा आणि निम्म्या गावाला पाजायचा. आणि आता चोराच्या उलट्या बोंबा.

"चला, बागेत जायचंय," ती म्हणाली. "सहरलाही घ्या."

उतरत्या दुपारी, असरच्या नमाजेनंतर तिघं त्याच कोपऱ्यात, त्याच बाकावर बसली. शेजारी एक सौदी कुटुंब मगांच्या मधोमध खजूर ठेवून निवांत बसलं होतं. सफूरानं तीन मग मागवले आणि सिराजुद्दीनला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर तो आला, शेजारी हाशिर.

"सिराजभाई, अस्सलाम अलैकुम. हे काय आहे ओळखता ना?" तिनं मग कॅमेऱ्यासमोर धरला.

सिराजुद्दीनच्या चेहऱ्यावर ओशाळं हसू आलं. "ओळखतो की भाभी. माल्ट. मला काय माहीत नाही?"

"मग?"

"पण गावाला कोण समजावणार? ताडाच्या झाडाखाली बसून दूध प्यालं तरी लोक ताडीच म्हणतात."

"या अख्ख्या मुलखात ताडाचं झाड आहे कुठं?" सफूराचा आवाज चढला, शेजारची बाई वळून बघायला लागली. "तुम्ही प्यालात, गावाला पाजलंत. एकदा जमातीत उभं राहून सांगा, हे मीच आणून देत होतो. तेवढंच सांगा."

सिराजुद्दीननं पडद्यावरून नजर काढली. "मला गावात राहायचंय, भाभी."

म्हणजे ठाऊक सगळं होतं. सफूराचा संताप संताप झाला. अडाण्याची समजूत घालता येते. जाणून भिणाऱ्याला काय सांगायचं, आणि असल्या घरात मुलगी कुणाच्या भरवशावर द्यायची?

तेवढ्यात सहरनं फोन आपल्याकडे ओढला. "हाशिर, तू काय म्हणतोस?"

हाशिरनं मान वळवून बापाकडे पाहिलं. सहर थांबली. तो बापाकडेच बघत राहिला. तिनं आईकडे पाहिलं, डोळे भरले होते तिचे, आवाज मात्र ठाम होता. "खलास, अम्मी."

सफूरानं कॉल बंद केला. जमालुद्दीन मान खाली घालून बसला होता, आपला मग त्यानं हळूच बाकाच्या टोकाला सरकवून ठेवलेला.

"सहरचे अब्बा, मग हातात घ्या," ती म्हणाली. "वर धरा. चेहरा दिसू दे."

त्यानं मग उचलला. एका बाजूला सहर येऊन बसली, आपला मग घेऊन. सफूरानं फोटो काढला, जमातीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'हेच सिराजभाई तुम्हाला आणून पाजत होते. सोयरीक आम्ही मोडली.'