पंधरा किलोंची ओढ

विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करण्यात तिची बत्तीस वर्षं गेली. नवऱ्यामागे दुकान तिनेच चालवलं; जळलेली मोटार ती नुसत्या वासावरून ओळखायची. साठी उलटल्यावर तिने घरामागच्या शेडमध्ये सहा मीटरची शिडाची होडी बांधायला घेतली. चार वर्षांनी सगळं झालं. वारा पडला तर काय, एवढंच उरलं.

धाकट्या दिराने जन्मभर ट्रक चालवलेला. तो म्हणाला, "वहिनी, मोटार घेताना दहा हॉर्सपॉवरच्या खाली जाऊ नका. ऐन वेळी कमी पडायला नको."

"भावोजी, होडीला घाट चढायचा नाहीये. किती लागतं ते तिलाच विचारू."

तिने होडी एका मच्छीमाराच्या लाँचमागे बांधली आणि दोरात ओढ मोजणारा ताणकाटा अडकवला. ताशी सात किलोमीटरला काटा पंधरा किलोंवर थांबला. हिशेब तिने तिथेच मांडला. ओढायला तीनशे वॅट, तेवढेच पाण्यातल्या पंख्यात वाया, म्हणजे सहाशे. समोरचा वारा आणि लाटा धरून दोन किलोवॅटची मोटार. पाच तास चालून तळाशी थोडं उरायला हवं, म्हणून चार बॅटऱ्या.

"एवढीशी?" मोटार बघून दीर हसला. "हिने विहिरीचं पाणी तरी चढेल का?"

बॅटऱ्या मागे ठेवल्यावर होडी बूड टेकून बसली. तिने त्या मधल्या बाकाखाली सरकवल्या.

पहिल्या लांबच्या फेरीला दोघंच निघाले. जाताना दीड तास मोटारच चालवावी लागली. परतताना वारा ठार पडला, त्यात खाडीतली ओहोटी समोरून. धक्का दहा किलोमीटर लांब.

"वहिनी, दाबा की जरा!"

तिने दाबलं. मीटर दोन हजार वॅटवर गेला.

"बघा. वेग सव्वापट, खर्च तिपटीहून जास्त. असं पळालो तर धक्क्याच्या अलीकडेच ठणठणगोपाळ." तिने वेग पुन्हा कमी केला.

किनाऱ्यावरची झाडं गोगलगायीसारखी मागे सरकत होती. दीर दर पाच मिनिटांनी मीटरकडे बघायचा, ती सुकाणूवर हात ठेवून निवांत. अडीच तासांनी होडी धक्क्याला लागली, तेव्हा बॅटरीत अजून तिसरा हिस्सा शिल्लक होता.

"मानलं तुम्हाला," दीर म्हणाला.

"ओहोटीचं पाणी मात्र मी हिशेबात धरलंच नव्हतं," दोर बांधता बांधता ती म्हणाली.

"अहो, मग तेव्हाच सांगायचं ना!"

"सांगून काय? तुम्ही उभे राहिला असता, आणि होडी हलली असती."