दुसऱ्या डब्यातलं तिसरं रीळ

‘विचार करायला लावणारा सिनेमा’ असं कोणी म्हटलं की मी आधी म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. खोड जुनी आहे. सत्तरचं दशक संपत आलं होतं, मी वर्ध्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होतो. प्रोजेक्टर चालवता येणारा दुसरा कोणी हाताशी नव्हता, म्हणून फिल्म सोसायटीवाल्यांनी मला धरलं. महिन्यातून एका रविवारी सकाळी कॉलेजच्या हॉलच्या खिडक्यांना काळी घोंगडी लावून परदेशी नाहीतर बंगाली सिनेमा दाखवायचा, आणि मग चहा आणि चर्चा.

त्या चर्चेवर माझा काडीचा विश्वास नव्हता. प्राध्यापक, वकील, दोन डॉक्टर, बँकेतले साहेब, सगळे अर्धे डोळे मिटून बोलायचे. मी मागे रिळं गुंडाळत ऐकायचो. प्रोजेक्टरशेजारी उभ्या माणसाला सगळ्यांच्या माना दिसतात, त्यामुळे सिनेमा चालू असताना कोण घोरत होतं हे मला पक्कं ठाऊक असायचं. घोरणाराच नंतर सगळ्यात आधी ‘काय ताकदीची कलाकृती!’ म्हणायचा. काही मंडळी तर परदेशी सिनेमाला सेन्सॉरची कात्री लागत नाही या एकाच आशेवर सभासद झाली होती, असाही मला संशय होता. तो खोटा ठरल्याचं आठवत नाही.

संशय आमच्या रक्तातच होता म्हणा. बाबा जिनिंग कारखान्यात फिटर होते आणि तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. भाजीवाली हसून बोलली तरी तिने वजनात मारलं असणार, असं त्यांना वाटायचं. पण त्यांचा सगळ्यात मोठा राग होता तो अल्लीपूरच्या काकांवर, म्हणजे त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावावर. आजोबा अल्लीपूरला वारले. निरोप मिळून बाबा एसटीने पोचले तोवर काकांनी अग्नी देऊन टाकला होता. थोरला मुलगा असून बाबांना बापाचं तोंडही दिसलं नाही. “दोन घंटे थांबला असता तं काय बिघडलं असतं?” हे एकच वाक्य मी बारा वर्षं ऐकत होतो. त्यांनी अल्लीपूर कायमचं सोडलं. काका थांबले नाहीत त्यात काहीतरी काळंबेरं होतं असं बाबांनी ठरवून टाकलं, आणि मीही ते न तपासता मानून चाललो.

असे हे बाबा एका रविवारी चक्क हॉलच्या दारात उभे राहिले. मी टेबलावर चारही डबे उघडून ठेवले होते. आमच्या कामात एक नियम असतो. डब्यावरच्या आकड्यावर कधी विसंबायचं नाही. आधीच्या गावच्या ऑपरेटरने घाईत कोणतंही रीळ कोणत्याही डब्यात कोंबलेलं असतं. म्हणून फितीचं सुरुवातीचं हातभर टोक ओढायचं, उजेडासमोर धरायचं, त्यावरचा आकडा वाचायचा आणि मगच रीळ चढवायचं. संशयी माणसाला हा नियम शिकवावा लागत नाही. त्या दिवशी पहिल्या रिळाचा आकडा मी वाचला, आणि मान वर केली तर समोर बाबा.

“काऊन आले बाबा तुमी?”

“काऊन? बंदी हाय का इथं?”

“नाई, तसं नाई. पन तुमी अन् पिक्चर...”

“तू आपलं काम कर.”

ते तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. आता हे कशाला आले? नक्की कोणीतरी कान भरले असणार, की तुमचा मुलगा रविवारी सकाळी नागडे पिक्चर दाखवतो. ते माझ्यावर पहारा करायला आले होते याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. त्यांच्या मानेवर नजर ठेवण्याच्या नादात उरलेल्या तीन रिळांचे आकडे वाचायचे मी साफ विसरलो.

सिनेमा कुठल्यातरी लांबच्या देशातला, मिठागरात राबणाऱ्या दोन भावांचा. पडद्याखाली इंग्रजी अक्षरं पळायची, ती बाबांना वाचता येत नव्हती. पहिल्या रिळात दोघे भाऊ आणि मीठ वाहणारं त्यांचं एक गाढव. रीळ संपलं, दिवे लावले, दुसऱ्या डब्यातलं चढवलं. त्यात धाकटा भाऊ दाढी वाढलेला, फाटक्या कपड्यांत दाराशी आला. थोरल्याने दार उघडलं, काही विचारलं नाही, वाडग्यात गरम काहीतरी ओतून त्याच्यापुढे ठेवलं. मग तिसऱ्या डब्यातलं रीळ लावलं, आणि धाकट्याची दाढी गायब! तरणाताठा तो, थोरला तापाने फणफणलेला असताना गाढव सोडून बाजारात नेतो, विकतो आणि पळून जातो.

दुसऱ्या डब्यात तिसरं रीळ होतं आणि तिसऱ्यात दुसरं. थांबवलं तर सगळ्यांसमोर शोभा. आता कोणीतरी ओरडणार, मग ओरडणार म्हणून मी वाट बघत राहिलो. कोणी हूं की चूं केलं नाही. शेवटच्या रिळात गाढवाच्या जागी दोघे भाऊ स्वतःच गाडीला जुंपून घेऊन मीठ ओढत होते. दिवे लागले, टाळ्या पडल्या.

चर्चा तर अशी रंगली की विचारू नका. “दिग्दर्शकाने काळच उलटा केलाय,” एक प्राध्यापक म्हणाले. “आधी क्षमा, नंतर गुन्हा. गुन्हा बघितल्यावरही ती क्षमा तुम्हाला मान्य आहे का, असं तो आपल्याला विचारतो.” माना डोलल्या. मी रीळ गुंडाळत प्रत्येकाचा चेहरा न्याहाळत होतो. यांना खरंच कळलं नाही, की सगळे मिळून माझी चेष्टा करतायत? शेवटपर्यंत छडा लागला नाही. बाबा मात्र अर्धा चहा ठेवून निघून गेले.

दुपारी जेवताना त्यांनी विचारलं, “त्या मोठ्या भावानं इचारलंच नाई, न?”

“काय?”

“काऊन गेलता, कुठं होता, काई इचारलं नाई. दार उघडलं अन् वाढलं. त्यानं काय केलतं ते मंग दाखवलं.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण गोष्ट फुटून सोसायटीपर्यंत गेली असती, म्हणून मी गिळून टाकली. मंगळवारी बाबांनी धोतर नेसलं आणि कोणाला न सांगता अल्लीपूरची एसटी धरली. संध्याकाळी आले तेव्हा आईला एवढंच म्हणाले, “त्याले डोळ्यानं दिसत नाई आता धड.”

या गोष्टीने मला छळलं. सगळ्या शहाण्यांनी तासभर चर्चा केली, आणि एकाच्याही घरातलं भांडं जागचं हललं नव्हतं. ज्याला खालची अक्षरंही वाचता येत नव्हती तो बारा वर्षांनी गावी जाऊन आला. सिनेमा अर्थपूर्ण म्हणतात तो हाच असेल, तर हा अर्थ कोणाचा? त्या दिग्दर्शकाने तो घातलाच नव्हता. तो माझ्या गलथानपणातून निघाला होता. अशा खोट्या पायावरची गोष्ट किती दिवस टिकणार, हा किडा डोक्यात शिरला तो निघेना.

काका मग दर आठ-पंधरा दिवसांनी येऊ लागले. तुरीच्या शेंगांची पिशवी, डोळ्यांवर हात धरून दारातून चाचपडत येणं, आणि बाबांसोबत मोठ्या दवाखान्यात डोळे दाखवायला जाणं. आता आला न उंदीर बिळाबाहेर, मी मनात म्हटलं. बारा वर्षं भाऊ आठवला नाही. मोतीबिंदू झाला तेव्हा वर्ध्यातलं घर बरं आठवलं! आधी गेले होते ते बाबाच, हे मी सोयीस्करपणे विसरलो. ऑपरेशन ठरलं, आणि नंतर महिनाभर काका आमच्याकडेच राहणार असं बाबांनी जाहीर केलं, तेव्हा माझा संयम सुटला.

बाबा, काका आणि मी जेवायला बसलो होतो. मी खरेपणाच्या उमाळ्याने बोललो असं सांगायला मला आवडेल, पण ते खोटं आहे. काकांना घराबाहेर काढायला माझ्याकडे तेवढंच एक हत्यार होतं.

“बाबा, तो पिक्चर तसा नोयता,” मी म्हटलं. “माह्या हातून रिळं उलटीपालटी लागली. त्यात पयले धाकटा गाढव विकते. माफी मंग हाय.”

बाबांनी घास खाली ठेवला. “म्हंजे मी अल्लीपूरले गेलतो ते तुह्या चुकीनं?”

“हो.”

काकांना सिनेमाचं काही माहीत नव्हतं, पण काय चाललंय ते त्यांना कळलं. त्यांचा हात ताटावरच थांबला. स्वयंपाकघरातून आईही दारात येऊन उभी राहिली.

“मंग आता काय म्हन्तं तू?” बाबा म्हणाले. “तुही रिळं चुकली म्हनून याले भरल्या ताटावरून उठवू?”

काका खाली बघत हळूच म्हणाले, “दादा, त्या दिवशी मी काऊन नाई थांबलो, ते मले तुले...”

“पयले जेव तू,” बाबा म्हणाले. “ते मंग सांगजो.”

मला माझी इतकी लाज वाटली की वर बघवेना. काका भाकर शोधत ताटावरून हात फिरवत होते, आणि ती ताटाच्या पलीकडच्या कडेला होती. मी ती उचलली, मोडली आणि त्यांच्या हातात दिली.