चौथा रकाना

अध्यापक महाविद्यालयात मी शिकवत होते तेव्हा विद्यार्थ्यांचा स्वाध्याय हातात आला की शेवटच्या पानापासून वाचायला घ्यायचे. संदर्भसूचीतल्या एखाद्या पुस्तकावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, हे कुठे पाहिलंस, कपाटातून काढून दाखव. पोरं रडकुंडीला यायची. बाईंना पुस्तकांचं भारी वेड आहे, असं काहींना वाटे. बाईंना घरी काही काम नाही, असं बाकीच्यांना वाटे. खरं कारण मी वर्गात कधी सांगितलं नाही, कारण ते सांगायची मला लाज वाटायची. अजून वाटते.

मी बी.एड.ला लातूरला गेले तेव्हा लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. मामांची बदली नव्या कचेरीत झाली होती, म्हणून नांदेड जवळ असूनही मला तिकडे धाडलं. पाट्यांचे रंग ताजे होते, खोली मिळता मिळत नव्हती, आणि जो तो ‘जिल्ह्याचं ठिकाण’ हे शब्द असे म्हणायचा, जणू त्यानेच अर्ज करून ते मंजूर करून आणलंय. मीही कमी नव्हते. भोकरपासून चार कोसांवर आमचं गाव, तिथे वडिलांचं किराणा दुकान. सुट्टीत गेले की दुकानाच्या पायरीवर बसून मी लातूरच्या गोष्टी सांगायचे आणि बोलताना गावची बोली मुद्दाम गिळायचे.

कॉलेजात संशोधन शिकवणारे एक सर होते. कडक इस्त्री, हळू आवाज. त्यांचं एकच सांगणं होतं, की ज्याचं घेतलं त्याचं नाव घ्या. वाक्य घेतलं तर वाक्यापाशी, विचार घेतला तर विचारापाशी. आम्ही ते वहीत उतरवून घेतलं, खाली लाल रेघ मारली आणि विसरलो. कारण आमच्या कॉलेजात संदर्भसूचीची वेगळीच रीत होती. अकरा पुस्तकांची एक यादी आधीच्या वर्षाच्या मुलींकडून आमच्याकडे आली होती, त्यांच्याकडे त्यांच्या आधीच्यांकडून. विषय कुठलाही असो, शेवटच्या पानावर ती अकरा नावं सुवाच्य अक्षरात लिहायची आणि चारी बाजूंनी स्केचपेनने वेलबुट्टी काढायची. त्या अकरांपैकी एकही पुस्तक मी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. ग्रंथालयाच्या कपाटाला कुलूप असे आणि किल्ली ज्या क्लार्ककडे असे तो बहुधा नव्या कचेरीत कुणाच्या तरी कामाला गेलेला असे. आम्हाला त्याची काही हळहळ नव्हती.

वर्षाचा मोठा स्वाध्याय आला तेव्हा मी विषय घेतला ‘दुष्काळी परिस्थिती आणि विद्यार्थ्यांची उपस्थिती’. विषय मला सुचला तो हुशारीने नव्हे. माझ्या गावच्या गुरुजींकडे एक वही आहे, हे मला माहीत होतं.

हे गुरुजी म्हणजे ज्यांनी मला पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला लावलं ते. निजामाच्या काळात उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेले, पुढे मराठी शाळेवर लागले ते कायमचे. मोठा दुष्काळ पडला तेव्हा मी नऊ वर्षांची, त्यांच्याच वर्गात. आईबाप दुष्काळी कामांवर खडी फोडायला जात, निम्मा वर्ग रिकामा असायचा. गुरुजी संध्याकाळी घरोघर जाऊन पोरगं का आलं नाही ते विचारायचे आणि एका जाड पुठ्ठ्याच्या वहीत मांडायचे. पानावर चार रकाने आखलेले. नाव, खाडा, कारण आणि हवाला.

मी वही मागायला गेले तेव्हा ती त्यांनी धुतलेल्या फडक्यातून सोडली. हवाल्याचा रकाना कशाला, म्हणून मी विचारलं. त्यांनी सांगितलं, की सुरुवातीला तो नव्हता. एका मुलीच्या नावापुढे त्यांनी ‘लग्न करून दिलं’ असं ऐकीव लिहिलं, तपासणीला आलेल्या साहेबांनी ते घरी जाऊन विचारलं, आणि पोरगी तर आजोळी पाण्यासाठी गेलेली. तिच्या आईने शाळेच्या दारात येऊन जे सुनावलं ते गुरुजींना जन्मभर पुरलं. तेव्हापासून जे कळलं ते कुणाच्या तोंडून कळलं, ते नावानिशी लिहायचं, आणि स्वतः पाहिलं असेल तरच स्वतःचं नाव घालायचं.

वही देताना त्यांनी एकच मागणं केलं. “माझं नाव नसलं तरी चालतंय, पोरी. पन ह्या बायांची नावं ऱ्हाऊ दे. दिवसभर खडी फोडून यायच्या, तरी दारात उभं ऱ्हाऊन मला सांगायच्या.”

मी ‘हाव’ म्हटलं. इतक्या सहज म्हटलं, की आठवलं तरी तोंड लपवावंसं वाटतं.

लातूरला मामांच्या घरी, खिडकीपाशी बसून मी दहा दिवसांत ती वही उतरवली. तिसऱ्या रकान्यातली कारणं सोन्यासारखी होती. आई खडीवर, तान्हा भाऊ हिच्याकडे. विहिरीवर पाळी लागली नाही, तोवर दुपार झाली. मिलोची लाल भाकरी नको म्हणून रुसून बसला. मिलो म्हणजे दुष्काळात रेशनवर मिळालेली परदेशी लाल ज्वारी. ह्या शेवटच्या कारणापुढे चौथ्या रकान्यात आजीचं नाव होतं आणि त्यापुढे गुरुजींनी लिहिलं होतं, ‘हसत सांगितले’. त्या रकान्यात एक नाव पानोपानी दिसत होतं. ही सगळी नावं माझ्या डोळ्यांच्या आड यायला लागली, ओळ चुकायला लागली. मग मी जुन्या कॅलेंडरच्या कागदाची एक लांब पट्टी कापली आणि चौथ्या रकान्यावर ठेवली. पान उलटलं की पट्टी पुढच्या पानावर. असं मी शेवटपर्यंत केलं.

नावं का टाकली नाहीत, ह्याचं उत्तर मी स्वतःला तेव्हा वेगळंच द्यायचे. खडी फोडणाऱ्या बाया म्हणजे काय संदर्भ झाला? हाताने लिहिलेली वही कुठे सूचीत बसते? सरांना गावठी वाटेल. पण पोटातलं उत्तर ह्याहून वाईट होतं. गुरुजींचं नाव घातलं असतं तर सगळं काम त्यांचं आहे हे उघड झालं असतं, आणि माझ्या वाट्याला फक्त अक्षर उरलं असतं. म्हणून ‘आजी हसत म्हणाली’ याचं मी केलं, ‘अभ्यासिकेस असे आढळून आले की’. ही अभ्यासिका त्या वेळी नऊ वर्षांची होती आणि शाळेत वाटलेली सुकडी खात होती.

सुकडीवरून आठवलं. वहीत माझंही नाव एकदा होतं. एक दिवसाचा खाडा. कारण, सुकडी जास्त खाल्ली, पोट बिघडले. आमच्या घरी खायला होतं. ती सुकडी मजुरांच्या पोरांसाठी होती आणि मी ती चोरून, दोनदा रांगेत उभं राहून खाल्ली होती. वडिलांना कळू देऊ नका म्हणून मी गुरुजींच्या विनवण्या केल्या होत्या. चौथ्या रकान्यात होतं, ‘स्वतः मुलीने सांगितले’. ते पान मी सरळ उलटलं.

शेवटी अकरा पुस्तकं लिहिली. वेलबुट्टी जरा जास्तच मन लावून काढली.

अहवाल सरांना फार आवडला. असं बारीक निरीक्षण आपल्या भागातल्या कुणी केलेलं नाही, असं ते वर्गात म्हणाले. सूचीतलं एकही पुस्तक त्यांनी मागितलं नाही. नव्या जिल्ह्यात शिक्षकांचा मेळावा होता, तिथे वाटायला माझ्या अहवालाच्या सायक्लोस्टाईल प्रती काढल्या. मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले. ते माझ्या गुणपत्रिकेवर आजही आहेत आणि त्यांच्या जोरावर मला पुढे नोकरी लागली. सरांच्या दारापर्यंत मी दोनदा गेले होते, खरं सांगायला. दोन्हीदा सराव पाठाबद्दल काहीतरी विचारून परत आले.

मग गुरुजींचं पोस्टकार्ड आलं. छापलं असं ऐकलं, आनंद झाला, एक प्रत आण, बायांना वाचून दाखवू. मी उत्तर दिलं नाही. पण उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि घरी जाणं भाग होतं. वही परत करायची होती, आणि प्रत न्यायची नाही म्हटलं तर कारण काय सांगणार? वाटभर एसटीत मी मनाशी घोकत होते, की गुरुजी थकलेत, डोळ्यांना कमी दिसतं, चाळतील आणि ठेवून देतील.

गुरुजींनी प्रत घेतली, वास घेतला आणि मला म्हणाले, चार वाजता शाळेत ये.

शाळेच्या व्हरांड्यात तेरा-चौदा बाया बसल्या होत्या. कुणाची पोरं माझ्या वर्गातली, कुणाची पुढच्या वर्गातली. दुष्काळ सरून अकरा वर्षं झाली होती, तरी खडीने हाताला पडलेले घट्टे तसेच होते. सगळ्यांत पुढे गावची सुईण बसली होती, आता केस पांढरे झालेली. तिने माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मला गुरुजींशेजारी खुर्ची दिली होती. बाया खाली, मी खुर्चीवर.

गुरुजींनी चष्मा लावला आणि वाचायला लागले. पहिलं पान वाचलं. दुसऱ्यावर ते थांबले, पुढची दोन पानं मनात चाळली, मागे आले. त्यांना कळलं, ते मला दिसलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पुन्हा वाचायला लागले, पण आता प्रत्येक वाक्यानंतर एक नाव घ्यायला लागले. ‘अभ्यासिकेस असे आढळून आले की मुलांना मिलोची भाकरी रुचत नसे,’ आणि लगेच, छापलेलंच वाचावं तशा आवाजात, त्या आजीचं नाव, आणि ती देवाघरी गेली होती म्हणून तिच्या सुनेकडे मान. सून म्हणाली, हाव, आमच्या सासूबाईच त्या. पुढचं वाक्य, पुढचं नाव. सगळ्यांत जास्त वेळा ‘हाव, म्याच सांगितलं’ म्हणाली ती सुईण. वही त्यांनी उघडलीसुद्धा नव्हती. सगळं त्यांच्या डोक्यात होतं. बाया एकमेकींना कोपराने ढोसत होत्या, हसत होत्या, एकदोघींनी डोळ्यांना पदर लावला. कागदावर आपलं नाव आहे असंच त्यांना वाटत होतं. मी खाली बघत बसले होते, एकही नाव कानात शिरत नव्हतं. फरशीला एक तडा होता, तो अजून मला जसाच्या तसा आठवतो.

गुरुजींनी शेवटचं पानही वाचलं. ते वाचलं नसतं तरी चाललं असतं. पण जे आहे ते सगळं वाचायचं, हा त्यांचा स्वभाव. अकरा नावं, एकामागून एक.

सुईण लक्ष देऊन ऐकत होती. संपल्यावर तिने विचारलं, “आन् ही अकरा मानसं कुठल्या गावची? आपल्याकडं तर कोनी आलं न्हवतं.”

गुरुजींनी चष्मा काढला आणि पुसत बसले. बाया माझ्याकडे बघत होत्या.

“मला न्हाई माहीत, मावशी,” मी म्हणाले. किती तरी महिन्यांनी माझ्या तोंडून गावची बोली आली होती. “मी त्यांना वळखत न्हाई. ती नुसती लिवलीत. तुमची नावं ह्यात न्हाईत. गुरुजी मनानं सांगून राहिले.”

बाया रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मागे बसलेली एक बाई उठली, पदर झटकला आणि पाण्याची वेळ झाली म्हणून निघून गेली. बाकीच्या बसून राहिल्या. गुरुजींनी खिशातला पेन काढून माझ्या हातात दिला आणि प्रत माझ्यापुढे धरली. अकरा नावांच्या खाली जागा कोरी होती.

“लिव,” ते म्हणाले. “बसल्या हाईत तवर इचारून घे.”

बाकीच्या प्रती केव्हाच जिल्हाभर गेल्या होत्या. ही एकच उरली होती, आणि ती गुरुजींच्या फडक्यात बांधून राहणार होती. ह्याने काही भरून येणार नाही, हे मला कळत होतं आणि त्यांनाही. मी खुर्चीवरून उठून खाली बसले.

पुढे सुईण होती. मी जन्मले ते तिच्या हातांवर, माझी नाळ तिने कापली. एकवीस वर्षं मी तिला मावशी म्हणत आले होते. वहीत पानोपानी दिसणारं ते एक नाव तिचंच असणार, पण ते मी कधी नीट वाचलंच नव्हतं, आणि मग त्याच्यावर पट्टी ठेवली होती. आता पेन कागदाला टेकला आणि हात थांबला. मला तिचं नाव विचारावं लागलं.